वायफाय लागत नाही म्हणून छोटे संगणक मोडीत काढू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकात जिल्हा पानावर अलीकडे एका शाळेची बातमी आली होती. प्रयोगशाळेसाठी घेतलेले ‘रास्पबेरी पाय’ नावाचे छोटे संगणक कपाटात धूळ खात पडले आहेत, त्यांना इंटरनेट लागत नाही आणि आता त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ते मोडीत काढण्याचा, प्रस्ताव जाणार आहे, असे तीत म्हटले होते. बातमी खरी असणार. अशी कपाटे मीही उघडून पाहिली आहेत. पण मथळ्यात त्या यंत्रांना निकृष्ट ठरवून टाकले, ते मला मान्य नाही. त्यावर कोणीतरी नीट लिहायला हवे, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा शिल्प निदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून भोर तालुक्यातल्या, विशेषतः हिर्डोशी खोऱ्याकडच्या शाळांत जाऊन हे संगणक चालू करून देतो. ‘बंद आहे’ म्हणून माझ्यापुढे ठेवलेल्या संगणकांपैकी खरोखर जळालेले फार थोडे निघाले. बाकीचे धडधाकट होते. त्यांची बिनतारी जोडणी कुठेतरी तुटलेली होती आणि नेमकी कुठे, हे कोणी पाहिलेच नव्हते.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. रास्पबेरी पाय हा एकाच पट्टीवर, म्हणजे बोर्डावर, बसवलेला, एटीएम कार्डाएवढा संगणक. तो पहिल्यांदा २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. केंब्रिजच्या एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुळात शाळकरी मुलांना संगणकाचे पोट उघडून दाखवण्यासाठी तयार केला. त्याच्यावर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली चालते. मेमरी कार्ड हीच त्याची हार्डडिस्क. सुरुवातीच्या बोर्डांवर वायफाय नव्हते, वेगळे डोंगल लावावे लागे. बोर्डावरच वायफाय आले ते २०१६ च्या पाय थ्रीपासून. आपल्या शाळांत आज जे बोर्ड आहेत ते बहुतेक त्यानंतरचे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या. म्हणजे असे बोर्ड यापुढे गावोगावी जाणार आहेत. आजच आपण त्यांना कपाटात ढकलायची सवय लावून घेतली, तर पुढच्या खरेदीचेही तेच होईल.

गावात नळाला पाणी आले नाही तर आपण लगेच नळ फेकून देत नाही. टाकी भरली का, व्हॉल्व्ह सोडला का, शेजारी पाणी आहे का, असे पाहत पाहत आपल्या दारापर्यंत येतो. इथेही तेच करायचे असते. बोर्डाचा रेडिओ, म्हणजे वायफायच्या लहरी सोडणारा-पकडणारा भाग, चालू आहे का? त्याला राउटरचे नाव दिसते का? पासवर्ड स्वीकारला गेला का? राउटरने त्याला नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता दिला का? राउटरच्या पुढे जगाशी बोलणे होते का? आणि शेवटी, संकेतस्थळाचे नाव सांगितले तर त्याचा पत्ता शोधता येतो का? हा क्रम मोडायचा नाही. शाळांत जे होते ते असे: ब्राउझर उघडला, पान आले नाही, बोर्ड खराब. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या प्रश्नापर्यंतचे सगळे पाच सेकंदांत ओलांडून निकाल लागतो.

सर्वांत आधी एक साधी चाचणी करावी, आणि ती मी कधीच टाळत नाही. पाय थ्री, फोर आणि फाइव्ह या तिन्ही मोठ्या बोर्डांना लॅन केबलचे तोंड असते. राउटरपासून बोर्डापर्यंत थेट केबल लावा. केबलवर इंटरनेट चालले, तर बोर्ड, कार्ड, लिनक्स, राउटर आणि बाहेरची लाइन हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरते आणि शोध फक्त वायफायच्या जोडणीपुरता उरतो. केबलवरही चालले नाही, तर वायफायच्या मागे लागणे व्यर्थ. इतकी सोपी गोष्ट, पण ज्या प्रयोगशाळांत मी गेलो तिथे लॅन केबल क्वचितच सापडली. पुरवठादाराने खोक्यात रोबोटची चाके, सेन्सर, रंगीत तारा, सगळे दिले होते. केबल नव्हती.

आता रेडिओविषयी. नवे कार्ड घालून बोर्ड सुरू केला आणि देश निवडला नाही, तर वायफाय मुद्दाम बंद ठेवलेले असते. काळ्या पडद्यावर सूचनाही येते की आरएफकिलने, म्हणजे रेडिओ बंद ठेवणाऱ्या सोयीने, वायफाय अडवले आहे, आधी देश ठरवा. ती इंग्रजीत असते आणि इतर ओळींबरोबर भर्रकन वर निघून जाते, म्हणून कोणी वाचत नाही. हा बिघाड नाही, कायद्याचे पालन आहे. कोणत्या कंपनसंख्येवर, किती ताकदीने लहरी सोडायच्या याचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये मोकळा झाला. बोर्ड कोणत्या देशात ठेवला आहे हे त्याला आपण सांगितल्याखेरीज कळणार कसे?

देश चुकीचा सांगितला तर आणखी वेगळी गंमत होते, आणि ती ओळखायला अवघड. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्याचे छोटे भाग, वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११ पर्यंतच. एका शाळेत ज्याने कोणी कार्ड तयार केले होते त्याने देश अमेरिका ठेवला होता. राउटर आपोआप चॅनेल निवडायचा. तो ज्या दिवशी खालच्या चॅनेलवर असे त्या दिवशी बोर्ड जोडला जाई, १३ वर गेला की बोर्डाला त्याचे नावच दिसत नसे. शिक्षकांच्या मोबाइलला मात्र तेच वायफाय व्यवस्थित दिसत होते. साहजिकच सगळ्यांनी बोर्डाला दोष दिला. सेटिंगमध्ये देश भारत केला आणि राउटरचे चॅनेल ६ वर पक्के केले, तेव्हापासून तक्रार नाही.

पासवर्डची गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण ती आपल्याकडे फार घडते आणि तिच्यामुळे किती बोर्ड बाद झाले असतील याचा विचार करून वाईट वाटते. रास्पबेरी पाय हे ब्रिटिश यंत्र. देश-भाषा न बदलता सुरू केले तर त्याचा कीबोर्ड ब्रिटिश मांडणीचा असतो. आपण बाजारातून आणतो तो कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा. अक्षरे आणि आकडे दोन्हींत सारखे, म्हणून फरक जाणवत नाही. पण शिफ्ट धरून २ दाबले की आपल्या कीबोर्डवर ‘ॲट’चे चिन्ह छापलेले असते, बोर्डाच्या समजुतीने मात्र ते दुहेरी अवतरणचिन्ह असते. शिफ्ट आणि ३ दाबले तर हॅशऐवजी पौंडाचे चिन्ह. आता आपल्याकडचे पासवर्ड आठवून पाहा: शाळेचे नाव, मग ॲट, मग १२३. पासवर्ड टाकताना पडद्यावर फक्त ठिपके दिसतात. शिक्षक अगदी बरोबर कळा दाबतात, बोर्ड चुकीचा पासवर्ड पाठवतो, राउटर नाकारतो. पुन्हा पुन्हा तेच.

हे एका शाळेत आठवीतल्या मुलीने शोधून काढले. मी तिला काहीच सांगितले नव्हते. फक्त एवढे म्हटले होते की, ‘तू काय टाइप करतेस ते तुला दिसत नाही ना? मग जिथे दिसेल तिथे टाइप करून बघ.’ तिने साधा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम उघडला, त्यात पासवर्ड लिहिला आणि ओरडली, ‘सर, ॲट येतच नाहीये!’ पुढच्या पाच मिनिटांत कीबोर्डची मांडणी बदलून तिने वायफाय जोडले. त्या वर्गाला त्या दिवशी जे शिकायला मिळाले ते विकतच्या कुठल्याही रोबोट संचात नाही. न दिसणारी गोष्ट दिसेल अशी कशी करायची, दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट कशी बदलायची, हे तिला यापुढे कोणी शिकवायला नको. नवीन कार्डाच्या पहिल्या सुरुवातीला देश विचारतात, तिथेच ‘अमेरिकन कीबोर्ड वापरा’ असा चौकोन असतो. त्यावर टिचकी मारली की हा सगळा त्रास टळतो.

वायफायच्या नावाबद्दलही काळजी घ्यावी. नावातले लहान-मोठे अक्षर, शेवटी राहिलेली रिकामी जागा, आयफोनच्या नावातला वळणदार ॲपॉस्ट्रॉफी, यातले काहीही हाताने टाइप करताना चुकले तर जोडणी होत नाही. शक्यतो नाव यादीतूनच निवडावे. हॉटस्पॉटला साधे, सुटसुटीत नाव द्यावे.

हॉटस्पॉट म्हटले की मला ५ गिगाहर्ट्झचा मुद्दा मांडलाच पाहिजे. आमच्या खोऱ्यात बऱ्याच शाळांचे इंटरनेट म्हणजे सरांचा मोबाइल. नवे फोन हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करू शकतात, काहींत तशी निवड आधीपासूनच झालेली असते. पाय थ्रीचे मूळ मॉडेल, पाय झीरो डब्ल्यू आणि झीरो टू डब्ल्यू या बोर्डांचा रेडिओ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतो. त्यांना तो हॉटस्पॉट यादीत दिसणारच नाही, कितीही वेळा बंद-चालू करा. थ्री बी प्लस, फोर आणि फाइव्ह यांना दोन्ही पट्टे ऐकू येतात. म्हणून एकाच टेबलावरचा एक बोर्ड जोडला जातो आणि शेजारचा जोडला जात नाही, आणि मग शेजारचा बोर्ड ‘निकृष्ट’ ठरतो. उपाय फोनमध्येच आहे: अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटचा पट्टा २.४ करायचा, आयफोनमध्ये सुसंगतता वाढवण्याचा पर्याय सुरू करायचा. शिवाय फोनचा हॉटस्पॉट एका वेळी मोजक्याच उपकरणांना घेतो. मुलांच्या घरचे फोनही त्यावर चढलेले असतील तर बोर्डाला जागाच उरत नाही.

नाव दिसले, पासवर्ड चालला, तरी पत्ता मिळाला का ते पाहायचे. जुन्या कार्डांवर १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर समजावे की राउटरने पत्ता दिला नाही, म्हणून बोर्डाने स्वतःच एक ठरवून घेतला. नव्या प्रणालीवर बहुधा पत्ताच दिसत नाही. पत्ता असेल तर पिंग करत, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहत, पुढे जायचे: आधी राउटरला, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला, मग एखाद्या संकेतस्थळाला नावाने. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बाहेरची लाइन गेली आहे. पावसाळ्यात वरंधा घाटाच्या बाजूला हे नेहमीचे, त्यात बोर्डाचा काही संबंध नाही. आकडा उत्तर देतो पण नाव देत नाही, तर नावांचा पत्ता सांगणारा सर्व्हर बदलून पाहावा.

आता विजेकडे येतो. हा माझा मूळ विषय, त्यामुळे इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

पाय थ्रीला ५ व्होल्ट, अडीच अँपिअर देणारा ॲडॅप्टर लागतो, फोरला ३ अँपिअर, फाइव्हला ५ अँपिअर. शाळेत मात्र कोणाचा तरी जुना मोबाइल चार्जर लावलेला असतो. ‘त्यावरही ५ व्होल्टच लिहिलंय की!’ असे मला हमखास ऐकवले जाते. लिहिलेले खरे असेल, पण ते चार्जरच्या तोंडाशी. केबल बारीक आणि लांब असेल, तिच्या दोन्ही तारांचा मिळून रोध समजा ०.२ ओहम असेल आणि बोर्ड २ अँपिअर ओढत असेल, तर नववीच्या पुस्तकातल्या ओहमच्या नियमाने ०.४ व्होल्ट केबलमध्येच संपले. बोर्डापर्यंत पोहोचले ४.६. आणि बोर्डाची धोक्याची पातळी आहे सुमारे ४.६३ व्होल्ट. त्याखाली दाब गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह किंवा कमी दाबाची सूचना येते, पाय थ्रीवरचा तांबडा दिवा मिचमिचतो किंवा विझतो. बोर्ड पूर्ण बंद पडत नाही, म्हणून वीज ठीक आहे असा समज होतो. पण प्रोसेसर मंदावतो, यूएसबीची उपकरणे सुटतात, वायफाय मधूनच तुटते, आणि असे वारंवार झाले तर कार्डावरची माहितीही खराब होऊ शकते.

याची ओळखीची खूण सांगतो. नुसता बोर्ड चालू असताना वायफाय छान, कॅमेरा किंवा मोटर लावली की गेले. अशा वेळी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, दाबाची नोंद विचारता येते. व्हीसीजेनसीएमडी नावाची आज्ञा आहे, तिला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारले की ती एक आकडा देते. शून्य आला तर निर्धास्त. ५००० ने सुरू होऊन शेवटी ५ असेल तर या क्षणीच दाब कमी आहे. ५०००० असेल तर आत्ता ठीक आहे, पण सुरू केल्यापासून कधीतरी कमी झाला होता. बोर्ड आपली तब्येत स्वतः सांगतो, आपण विचारले पाहिजे. मूळ कंपनीचा ॲडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो तो केबलमधली घट धरूनच. दर्जेदार ॲडॅप्टरची किंमत बोर्डाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. ती वाचवण्यासाठी हजारो रुपयांचा बोर्ड कपाटात जातो, हे मला शिक्षक म्हणून आणि करदाता म्हणून सहन होत नाही.

पत्र्याच्या पेटीचा किस्साही इथे सांगायला हवा. एका शाळेत चोरीच्या भीतीने मुख्याध्यापकांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याच्या, कडी-कुलपाच्या पेट्या करून घेतल्या. काम फार सुबक होते. एकेका पेटीत एकेक बोर्ड, बाहेर फक्त स्क्रीनची आणि विजेची केबल. दुसऱ्या दिवसापासून एकाही बोर्डाला वायफाय लागेना. पेटी उघडली की लागते, मिटली की जाते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. केबलपुरते भोक असलेल्या पत्र्याच्या पेटीतून ती बाहेर येणार कशी? बहुतेक नव्या बोर्डांचा अँटेना म्हणजे कडेच्या तांब्याच्या थरात कोरलेला एवढासा त्रिकोण. त्याच्याभोवती धातू नको, त्याच्यावर दुसरी पट्टीही शक्यतो नको. मुख्याध्यापकांची चिंता रास्त होती, कारण डेडस्टॉक रजिस्टरला प्रत्येक बोर्डाची नोंद आहे आणि हरवला तर उत्तर त्यांना द्यावे लागते. आम्ही पेट्या टाकल्या नाहीत. मागच्या बाजूला एक भोक पाडून, कडेला रबर लावून लॅन केबल आत नेली. आता ते बोर्ड तारेवर चालतात, आणि खरे सांगायचे तर पूर्वीपेक्षा चांगले चालतात. जिथे बोर्ड एका जागी बसणार आहे तिथे तारच श्रेष्ठ, हे माझे ठाम मत आहे.

वायफाय जोडलेले दिसते पण वेग रडतखडत, असे झाले तर निळ्या यूएसबी तोंडाला हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावला आहे का ते पाहावे. यूएसबी थ्रीच्या संदेशांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच प्रसिद्ध केले होते. ड्राइव्ह काळ्या तोंडाला लावा किंवा छोट्या केबलने दूर ठेवा. बोर्ड बराच वेळ निवांत असला की दुसऱ्या संगणकावरून त्याच्याशी बोलता येत नाही, अशी तक्रार असेल तर वायफायची वीजबचत बंद करावी.

इंटरनेटवरच्या जुन्या सूचना हा आणखी एक सापळा. पूर्वी वायफायचे नाव आणि पासवर्ड एका छोट्या फाइलमध्ये लिहून ती कार्डाच्या बूट भागात, म्हणजे बोर्ड सुरू होताना आधी वाचतो त्या भागात, टाकली की काम होई. डब्ल्यूपीए सप्लिकंटची ती फाइल शेकडो व्हिडिओंमध्ये दाखवलेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या, रास्पबेरी पायच्या प्रणालीच्या बुकवर्म आवृत्तीपासून जोडणीचे सगळे काम नेटवर्क मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम पाहतो आणि ती फाइल वाचलीच जात नाही. आधी, एप्रिल २०२२ मध्ये, ‘पाय’ हा ठरलेला वापरकर्ताही काढून टाकला गेला होता. आपले तरुण शिक्षक रात्री जागून व्हिडिओ पाहतात, सगळे बरोबर करतात, तरी जमत नाही आणि स्वतःलाच कमी समजू लागतात. त्यांना मला सांगायचे आहे की तुम्ही चुकत नाही, त्या सूचना शिळ्या झाल्या आहेत. कार्ड तयार करतानाच रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅममध्ये देश, कीबोर्ड, वायफाय, वापरकर्ता सगळे भरून घ्या. नंतर बदलायचे तर एनएमटीयूआय या आज्ञेने साधी यादी उघडते, बाणांच्या कळांनी निवडायचे. ती सातवीतली मुलेसुद्धा चालवतात.

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीनंतर बोर्ड सुरू केला की वायफाय जोडले जाते, पिंग चालते आणि तरीही एकही पान उघडत नाही, संकेतस्थळाचे सुरक्षेचे प्रमाणपत्र चुकीचे आहे अशी सूचना येते. अशा वेळी उजव्या कोपऱ्यातले घड्याळ पाहा. पाय फोरपर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीचे घड्याळ नाही. पाय फाइव्हवर सोय आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. वीज गेली की यांचे घड्याळ थांबते आणि पुन्हा सुरू झाल्यावर जुन्याच तारखेपासून चालू लागते. इंटरनेट मिळाले की ते स्वतःच वेळ जुळवून घेते, मात्र शाळेच्या किंवा संस्थेच्या राउटरवर ती वाट अडवलेली असेल तर जुळत नाही. बोर्डाच्या लेखी अजून एप्रिलच चालू असतो आणि संकेतस्थळाचे प्रमाणपत्र जूनपासूनचे. तारीख हाताने घाला, पाने उघडतात.

आणि जिथे इंटरनेट खरोखरच येत नाही तिथे? खोऱ्याच्या आतल्या काही वाड्यांवर जुलै-ऑगस्टमध्ये रेंज शोधायला टेकाडावर जावे लागते. पण बोर्डाचे वायफाय त्यासाठी अडत नाही. तो स्वतःच हॉटस्पॉट होऊ शकतो. किविक्स या मोफत प्रोग्रॅमने मराठी विकिपीडिया कार्डावर उतरवून घ्या, वर्गातले टॅबलेट बोर्डाच्या हॉटस्पॉटला जोडा. बाहेरची लाइन बंद असतानाही मुले सह्याद्रीवरचा किंवा नीरा नदीवरचा लेख उघडून वाचतात. मी हे करून दाखवले तेव्हा एका बाईंनी विचारले, ‘म्हणजे हे पावसाळ्यातसुद्धा चालणार?’ चालते, बाई. मी स्वतः पाहिले आहे.

माझी शिक्षण विभागाला आणि शाळा व्यवस्थापन समित्यांना विनंती आहे. खरेदीच्या आदेशात बोर्डाच्या मॉडेलला साजेसा ॲडॅप्टर, लॅन केबल आणि एक जादा मेमरी कार्ड नावानिशी लिहा. पुरवठादाराने कार्ड भारत देश आणि अमेरिकन कीबोर्ड अशा मांडणीनेच द्यावे आणि शाळेच्या वायफायवर जोडून दाखवल्याशिवाय त्याचे बिल मंजूर करू नये. निर्लेखनाच्या प्रस्तावासोबत तीन गोष्टींची नोंद मागावी: योग्य ॲडॅप्टरवर चालवून पाहिले का, लॅन केबल लावून पाहिली का, नव्याने भरलेल्या कार्डावर सुरू करून पाहिले का. या तिन्हींना वेळ लागतो फार तर अर्ध्या दिवसाचा. आणि हे काम बाहेरच्या तंत्रज्ञाला बोलावून करून घेऊ नका, वर्गात मुलांसमोर, मुलांच्याच हातून करून घ्या. त्यांना एक वही द्या. काय दिसले, काय बदलले, मग काय झाले, एवढे त्यांनी लिहावे.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. आपल्या विज्ञान पुरवणीत नव्या मोबाइलची ओळख नियमित येते. तिथेच महिन्यातून एकदा अशा दोषशोधाला जागा द्यावी, शुद्ध मराठीत, आज्ञा कशा टाइप करायच्या त्या चित्रांसह. वाचक शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे लिहायची माझी तयारी आहे.

बातमीतल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एवढेच कळवावे की निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवायच्या आधी त्यांची हरकत नसेल तर एखाद्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथे येतो. ॲडॅप्टर, लॅन केबल आणि भरलेली दोन कार्डे माझ्याजवळ असतील. आठवी-नववीच्या चार-पाच मुलांना थांबवून घ्यावे आणि शाळेच्या वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवावा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (इलेक्ट्रॉनिक्स),
ता. भोर, जि. पुणे